‘आमच्या आखाड्यावर या’: परभणी जिल्ह्यातल्या एका रात्रीचे तीन फोन

परभणी जिल्ह्यातलं एक गाव. गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर, काळ्या रानात एका कुटुंबाचा आखाडा, म्हणजे शेतातलं राहतं घर. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओसरी, बाजूला गोठा आणि खताच्या पोत्यांचं शेड. ऑगस्टचे दिवस, पोळा तोंडावर आलेला, आठवडाभर पावसाची झड लागलेली. घरात नवरा-बायको, सोळा वर्षांचा मुलगा आणि आजी. मुलाची आई, वय अडतीस, खाली गोधडी टाकून झोपली होती. त्या रात्री तिला मण्यार चावली आणि ती वाचली. ती वाचली याचं श्रेय औषधाला आणि डॉक्टरांना तर आहेच, पण त्याआधी तीन फोन झाले. पहिल्या दोन फोनांतून मदत दारी येत नव्हती, तिसऱ्यातून आली. तिन्ही फोन एकाच क्रमांकाला, एकाच रात्री, एकाच बाईसाठी केलेले होते. फरक फक्त बोलण्यात होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

घरच्यांची ओळख पटेल असं काही इथं दिलेलं नाही. फोनवरचं बोलणं त्यांच्या आठवणीतून घेतलं आहे, वेळा मोबाइलमधल्या नोंदींवरून.

दीड ते सव्वादोन

दीडच्या सुमारास त्या बाईला पोटात कळा येऊन जाग आली. चावल्याचं काही कळलं नव्हतं, आणि मण्यारीच्या बाबतीत हेच घडतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, तिचे दात इतके बारीक असतात की खूण धड दिसत नाही, सूज नाही, आग नाही. सुरुवात पोटदुखीनं होते. घरच्यांना वाटलं, रात्रीचं शिळं बाधलं. ओवा दिला. मग उलटी झाली. मग ती म्हणाली, “गळा धरून आलाय, थुंकी गिळंना.”

आजीला तेव्हाच पानाचा संशय आला. (आपल्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात.) तिनं लिंबाचा पाला आणायला लावला. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष, ही जुनी परीक्षा. पाला कडू लागला. सगळे निर्धास्त झाले आणि अर्धा तास गेला. या परीक्षेवर भरवसा ठेवू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. मण्यारीच्या विषानं नसा आणि स्नायूंचा सांधा तुटतो, जिभेची चव जात नाही. उलट, ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात पाला, मीठ-मिरची, पाणी काहीही घातलं तर ते श्वासनळीत जायची भीती.

सव्वादोनला तिच्या पापण्या मिटायला लागल्या. वडील म्हणाले, झोप लागली असंल. मुलानं बॅटरी धरून पाहिलं, तर ती हाक मारली की बोटं हलवत होती, पण डोळे उघडत नव्हते. ही झोप नाही, हे त्या पोराच्या लक्षात आलं. अशा रुग्णाला सगळं ऐकू येत असतं, समजत असतं, फक्त हलता-बोलता येत नाही. त्याच्या उशाशी बसून रडारड करू नये याचं हेही एक कारण आहे.

पहिला फोन: २ वाजून २१ मिनिटं, ४८ सेकंद

आखाड्यावर घरात रेंज नाही. विहिरीजवळच्या चिंचेखाली येते. मुलगा तिथं पळत गेला आणि त्यानं १०८ लावला. बोलणं असं झालं:

“लौकर या, माय कशीतरीच करायलीय!”

“शांतपणे सांगा, आपण कुठून बोलताय?”

“आखाड्यावरून.”

“कुठला आखाडा? गाव कोणतं?”

“आमच्या आखाड्यावर या ना! ती बोलंना झालीय, लौकर या!”

“रुग्णाचा श्वास चालू आहे का?”

“मी हिरीपाशी आहे... थांबा, बघून येतो.”

आणि फोन बंद झाला. त्याला वाटलं, सांगून झालं, आता गाडी निघेल.

या पोराला दोष द्यायचा प्रश्नच नाही. सोळाव्या वर्षी, अंधारात, आई डोळ्यांपुढं असं करत असताना त्यानं फोन लावला हेच मोठं. पण या ४८ सेकंदांत पलीकडच्या माणसाच्या हाती काय आलं ते पाहू. एक बाई बोलत नाही, एवढंच. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिचं नियंत्रण कक्ष पुण्यात आहे. म्हणजे फोन उचलणारा माणूस गडचिरोलीचाही फोन घेतो, सिंधुदुर्गचाही आणि आपलाही. त्याच्यासाठी ‘आमचा आखाडा’ हे ठिकाण नसतं. मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज लागतो म्हणावं, तर खेड्यापाड्यात टॉवर लांब लांब असतात, तो अंदाज काही किलोमीटरनं चुकू शकतो.

आपण घाबरलो की आधी काय झालं ते सांगतो, मग जमलं तर कुठं झालं ते. हे उलटं व्हायला हवं. फोन पाचव्या सेकंदाला तुटला तरी चालेल असं पहिलं वाक्य कोणतं? जिल्हा, तालुका, गाव. ठिकाण कळलं आणि आजार नाही कळला तरी गाडी निघू शकते. आजार कळला आणि ठिकाण नाही कळलं तर कितीही चांगला डॉक्टर असलेली गाडी जागेवरून हलू शकत नाही.

दुसरी अडचण रेंजची, आणि ती आपल्याकडं घरोघरी आहे. फोन विहिरीपाशी, रुग्ण घरात. पलीकडून विचारतात श्वास चालू आहे का, आणि सांगणाऱ्याला माहीत नसतं. अशा ठिकाणी फोनकडं पळण्याआधी दहा सेकंद रुग्णाजवळ थांबून चार गोष्टी पाहून घ्याव्यात: हाकेला ओ देतो का, छाती वर-खाली होते का, कुठून रक्त वाहतंय का, आणि डोळे-तोंड-हातपाय नेहमीसारखे आहेत का. घरात दुसरं माणूस असेल तर त्याला मधल्या वाटेवर उभं करावं, तो इकडचं तिकडं ओरडून सांगेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुलगा घरी आला आणि वडिलांनी तोच मोबाइल घेऊन चिंच गाठली. त्यांनी मेहुण्याला फोन केला, पोलीस पाटलांना केला, गावातल्या जीपवाल्याला दोनदा केला. तेवढ्या वेळात एका अनोळखी नंबरवरून तीन फोन येऊन गेले होते. ते त्यांनी सकाळी पाहिले. तुटलेला फोन परत लावायचा प्रयत्न पलीकडून होत होता आणि इकडं फोन गुंतलेला होता. घरात एकच मोबाइल असेल तर मदतीला फोन केल्यावर तो मोबाइल मोकळाच ठेवायचा. पाहुण्यारावळ्यांना कळवायला दुसरा फोन शोधा, माणूस पाठवा, नाहीतर नंतर कळवा. आणि अनोळखी नंबर त्या रात्रीपुरता तरी उचला.

दुसरा फोन: २ वाजून ३५ मिनिटं

आरडाओरडा ऐकून शेजारच्या आखाड्यावरचे काका आले. जाणते माणूस, साठीचे. त्यांनी आपल्या मोबाइलवरून १०८ लावला आणि गावाचं नाव सांगितलं. पलीकडून विचारलं, तालुका कोणता? त्यांनी बाजारच्या गावाचं नाव सांगितलं. आठवडी बाजार, दवाखाना, खत-बियाणं, पोरांची शाळा, सगळं त्या गावी. साहजिकच तेच तोंडात आलं. पण त्यांचं गाव कागदावर शेजारच्या तालुक्यात आहे. आणि त्याच नावाचं दुसरं एक गाव खरोखरच त्या बाजारच्या तालुक्यात आहे.

मराठवाड्यात हा घोळ पावलोपावली होऊ शकतो. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, टाकळी, सावरगाव ही नावं आठही जिल्ह्यांत शोधा, किती निघतात पाहा. म्हणून तर पुढं शेपूट लागतं: पिंपळगाव रेणुकाई, टाकळी कुंभकर्ण, वडगाव कोल्हाटी. आपण आपसांत बोलताना ते शेपूट गाळतो. फोनवर ते गाळायचं नाही. सातबारावर जो तालुका आहे तोच सांगायचा, आणि जोडीला ‘अमुक गावापासून तमुक गावाकडं जाताना’ हेही सांगायचं, म्हणजे नावाची चूक दिशेतून पकडली जाते. देगलूर, धर्माबाद, उदगीर, उमरगा या सीमेकडच्या भागात तर मोबाइल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. तिथं पहिला शब्दच ‘महाराष्ट्र’ असावा.

काकांनी पुढं गट नंबरही सांगितला. तो त्यांना तोंडपाठ. गट नंबर तलाठ्याच्या उपयोगाचा, रात्री गाडी चालवणाऱ्याच्या नाही. आणि “डांबरीवरून आत वळलं की लिंबाच्या झाडापासून डाव्या हाताला” ही खूणही रात्री अडीचला कामाची नाही. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लिंबच आहेत.

तिसरा फोन: २ वाजून ४४ मिनिटं

मधल्या काळात मुलगा पुन्हा चिंचेखाली गेला आणि त्यानं आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण, गावात आशा कार्यकर्ती आहे. “आत्या, माय डोळे उघडंना, गळा धरलाय म्हणते, लाळ गळायलीय,” एवढं तो बोलला. आत्यानं त्याला चार प्रश्न विचारले. खाली झोपली होती का? पोट दुखलं का? हाक मारली की बोटं हलवते का? श्वास कसा आहे? मग म्हणाली, “बाळा, फोन आता कोणालाच द्यायचा नाही. मी लावते. तू मायला डाव्या कुशीवर कर, बांगड्या-जोडवी काढ, बांधायचं काही नाही, पाजायचं काही नाही.”

आणि मग तिनं १०८ ला जे सांगितलं ते जवळजवळ शब्दशः देतो, कारण या प्रकरणाचा गाभा तोच आहे:

“जिल्हा परभणी, तालुका अमुक, गाव अमुक. याच गावासाठी आधी दोन फोन आलेत, त्यातला तालुका चुकलाय, तो दुरुस्त करा. सर्पदंशाचा संशय आहे, मण्यार. बाई, वय अडतीस. शुद्धीवर आहे, पण पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही, श्वास चालू आहे पण उथळ होतोय. आखाड्यापर्यंत गाडी येणार नाही, चिखल आहे. आम्ही ट्रॅक्टरमधून तिला राज्य रस्त्यावरच्या फाट्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर आणतोय. शाळेशेजारी मोबाइलचा टॉवर आहे, वर लाल दिवा आहे. गाडी तुमची कोणत्या बाजूनं येणार? फाट्यावर माझा भाऊ मोटरसायकलचे इंडिकेटर लावून उभा राहील, त्याचा नंबर लिहून घ्या. रुग्णाजवळच्या मुलाचा नंबर हा. माझा हा. सापाची लस आणि श्वासाचं यंत्र दोन्ही असलेल्या दवाखान्यात न्यावं लागेल, तिकडं कळवता का?”

हे सगळं बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पलीकडून दोन-तीन गोष्टी उलटून विचारल्या, तिनं उत्तरं दिली, आणि पलीकडून “ठेवा आता” म्हटल्यावरच फोन ठेवला.

यातलं एकेक वाक्य का कामाचं होतं? आधीच्या दोन फोनांचा उल्लेख तिनं केला नसता तर एकाच बाईसाठी दोन ठिकाणं पलीकडं नोंदलेली राहिली असती. एका घटनेसाठी चार जणांनी चार तऱ्हेनं फोन करणं यात मदत कमी आणि गोंधळ जास्त, विशेषतः रस्त्यावरच्या अपघातात. पुन्हा फोन करायचाच असेल तर ‘आधी फोन झालाय’ हे सांगावं.

तिनं रोगाचं नाव सांगितलं, पण त्यावर थांबली नाही. दिसतंय ते सांगितलं. ‘साप चावला’ एवढ्यावरून घोणस की मण्यार हे कळत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं तर सूज येते, रक्त गोठण्याची ताकद जाते. नाग आणि मण्यारीत श्वास थांबतो. आपल्याकडं मिळणारी लस या चारही सापांवर चालते, पण श्वास थांबणाऱ्याला वाटेत कोणीतरी श्वास द्यावा लागतो, आणि त्याची तयारी गाडीतच लागते. ‘पापण्या उघडत नाहीत’ या तीन शब्दांनी पलीकडच्या डॉक्टरला नावापेक्षा जास्त सांगितलं. साप पाहिला नसला तरी बिघडत नाही. तो शोधायला, मारायला कोणी मागं लागू नये. त्यात दुसरा माणूस चावून घेतो.

खूण तिनं रात्री दिसणारी दिली. टॉवरचा लाल दिवा दोन किलोमीटरवरून दिसतो. पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, फाट्यावरचा कमानीचा दिवा या अशाच खुणा. स्मार्टफोन असेल तर नकाशातल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून ठेवलं की दोन आकडे दिसतात, तेही वाचून दाखवता येतात. परभणीच्या आसपास पहिला १९ नं सुरू होतो, दुसरा ७६ नं. दशांशापुढचे चार अंक नीट सांगितले तर ठिकाण दहा-बारा मीटरपर्यंत पक्कं होतं. पण आकडे फाट्याचे द्यायचे की आखाड्याचे, हे आधी ठरवा. नकाशा चालकाला सरळ रेघेनं पांदणीत घालतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली रुग्णवाहिका ही दुसरी आपत्ती असते.

थांबावं की निघावं

यावर माझं मत ठाम आहे. पावसाळ्यात, पांदणीचा रस्ता असेल आणि रुग्ण हलवता येण्यासारखा असेल, तर आखाड्यावर गाडीची वाट पाहत बसू नये. डांबरी रस्त्यापर्यंत आपण जावं. मात्र निघण्याआधी फोनवर सांगून, भेटण्याचं एकच ठिकाण ठरवून निघावं. न सांगता जीप करून निघालेलं कुटुंब एका रस्त्यानं आणि रुग्णवाहिका दुसऱ्या रस्त्यानं, अशी चुकामूक झाली की दोन्हीकडचा वेळ जातो. झाडावरून किंवा विहिरीत पडून मान-पाठीला मार लागला असेल तर मात्र ओढाताण करू नये. तिथं पलीकडचा माणूस सांगेल तसंच करावं.

इथं बाज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवली, तिच्यावर बाईला कुशीवर झोपवलं, मुलगा डोक्याशी बसून हनुवटी वर धरून, तोंडातली लाळ पदरानं पुसत राहिला. पांदण दीड किलोमीटरची. तेवढ्याला वीस मिनिटं लागली. काकांनी पुढं चालत बॅटरी दाखवली. गाडीतल्या डॉक्टरांचा फोन मुलाच्या मोबाइलवर दोनदा आला. दोन्ही वेळा तो मोकळा होता, बॅटरी एकोणीस टक्के. डॉक्टरांनी श्वास मोजायला सांगितलं, त्यानं ट्रॉलीच्या खडखडाटात छातीवर हात ठेवून मोजला.

३ वाजून १६ मिनिटांनी शाळेसमोर रुग्ण गाडीत गेला. पुढच्या काही मिनिटांत तिचा श्वास अगदी मंद झाला आणि डॉक्टरांनी फुग्यानं श्वास द्यायला सुरुवात केली. दवाखान्यात लस लगेच सुरू झाली, मग श्वासाच्या यंत्रावर चार दिवस. चावल्याची खूण उजव्या दंडावर सापडली, दोन बारीक ठिपके. नवव्या दिवशी ती घरी आली.

पहिला फोन ते तिसरा फोन, तेवीस मिनिटं. पोटदुखी ते पहिला फोन, जवळपास एक तास. हिशेब मांडला तर दुसरा आकडा जास्त मोठा आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री अचानक पोटात कळा आणि त्यापाठोपाठ गळा धरणं, पापण्या जड होणं, हे दिसलं की साप दिसला नसला तरी फोन करायचा. खात्री करून घेण्याचं काम दवाखान्याचं.

क्रमांकांबद्दल थोडं

दवाखान्याच्या गरजेला १०८ थेट. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाच्या ने-आणीला १०२. पोलीस, आग, भांडण, किंवा काहीच आठवत नसेल तर ११२. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून आहे, तिची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला. मोबाइल लॉक असला तरी पडद्यावरच्या आपत्कालीन बटणावरून ११२ लागतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. पूर, भिंत पडणं, वीज पडणं अशा वेळी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. यातलं काही विसरलं तरी १०८ आणि ११२ हे दोन घरातल्या सातवीतल्या पोरालाही पाठ हवेत. गंमत म्हणून मात्र ते लावू नयेत. त्या वेळी दुसऱ्या कोणाचा तरी फोन ताटकळत असतो. सराव करायचाच तर फोन न लावता, घरात समोरासमोर बसून करा. एकानं पलीकडचा माणूस व्हायचं.

आत्यानं नंतर गावातल्या बचत गटाच्या बैठकीत हाच सराव घेतला. मी तिथं होतो. बायकांना गाव सांगायला जमलं, तालुका बहुतेकींनी बाजारचा सांगितला. दुसऱ्या फेरीत बरोबर सांगितला. एका बाईनं विचारलं, “नंबर लागलाच नाही तर?” आत्या म्हणाली, “जागा बदला, दुसऱ्याच्या फोनवरून लावा, १०८ नाही तर ११२ लावा. आणि तोवर ट्रॅक्टर चालू करून ठेवा.”

त्या कुटुंबानं आता दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलंय: जिल्हा, तालुका, पूर्ण नावानिशी गाव, फाटा, शाळा, टॉवर, दोन मोबाइल नंबर. घरात बाजा आल्या, मच्छरदाणी गादीखाली खोचतात, रात्री उठताना बॅटरी लावतात. पांदणीच्या खडीकरणाचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत रुग्णवाहिका फाट्यापर्यंतच येणार, म्हणून ट्रॅक्टरची चावी ओसरीतल्या खिळ्यालाच असते आणि टाकीत डिझेल आहे का, ते रोज संध्याकाळी मुलगा पाहतो.